सिमल्याच्या हॉटेलला पायऱ्या किती, तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्च लागला की वर्तमानपत्रांच्या पर्यटन पानांवर सिमला-मनालीच्या जाहिराती झळकू लागतात. ‘मॉल रोडपासून फक्त ३०० मीटर’, ‘रिजपासून पाच मिनिटांवर’, ‘व्हॅली व्ह्यू खोल्या’ ही त्यांतली नेहमीची वाक्ये. ती खोटी असतात असे नाही. पण ती शंभर टक्के खरी असूनही गुडघेदुखीच्या आजींचा, दमेकरी आजोबांचा आणि कडेवर मूल असलेल्या आईचा तीन दिवसांचा मुक्काम पुरता बिघडू शकतो. डोंगरावरच्या शहरात अंतर आडवे मोजून भागत नाही, आणि जाहिराती ते आडवेच मोजतात.

सिमल्याची रचना आधी लक्षात घ्यायला हवी. मूळ शहर पूर्व-पश्चिम पसरलेल्या एका डोंगरधारेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर वसले आहे. धारेवर रिजचे पटांगण आणि ख्राइस्ट चर्च, त्याला लागून मॉल रोड. मॉलच्या खाली दक्षिण उतारावर मिडल बाजार, त्याखाली लोअर बाजार आणि सगळ्यांच्या खाली कार्ट रोड. रेल्वे स्टेशन आणि जुना बसस्टँड कार्ट रोडवर, तर लांब पल्ल्याच्या बसचा टुटीकंडीचा नवा स्टँड तिथूनही चार-पाच किलोमीटर पश्चिमेला. मॉल आणि रिजवर पर्यटकांच्या गाड्यांना बंदी आहे. आसपासचे बरेच रस्ते ‘सील्ड’ किंवा ‘रिस्ट्रिक्टेड’ आहेत, म्हणजे परवाना नसलेल्या गाडीला तिथे मज्जाव. तुमची टॅक्सी किंवा टेम्पो ट्रॅव्हलर कार्ट रोडवर थांबणार आणि तिथून वरचा प्रवास पायी, हे गृहीत धरूनच हॉटेल निवडायला हवे.

माथेरानला जाताना हीच गोष्ट आपण न सांगता विचारतो. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची हे घरोघरी ठाऊक असल्याने हॉटेल नाक्यापासून किती लांब आणि सामान कोण नेणार, हा आपला पहिला प्रश्न असतो. सिमल्याच्या बाबतीत मात्र खोलीतल्या पडद्यांचे फोटो पाहून आगाऊ पैसे भरले जातात.

उंचीचा हिशेब सोपा आहे. साधारण १५ ते १७ सेंटिमीटरची एक पायरी धरली तर १ मीटर चढायला सहा-सात पायऱ्या लागतात. इमारतीचा एक मजला ३ मीटरचा, म्हणजे अठरा ते वीस पायऱ्या. हॉटेल मॉलच्या ३० मीटर खाली असेल तर नकाशावर ते शंभर पावलांवर दिसेल, पण मॉलवरून परतताना आणि पुन्हा मॉलवर जाताना दर वेळी दहा मजल्यांची चढउतार होणार. दिवसातून दोन फेऱ्या झाल्या की वीस मजले चढणे आणि वीस मजले उतरणे. आपल्याकडे बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेताना माणूस दहादा विचार करतो. शिवाय ही चढण २,२०० मीटर उंचीवरची आहे. एवढ्या उंचीवर निरोगी माणसाला विरळ हवेचा आजार सहसा होत नाही, पण समुद्रकाठच्या गावातून एका दिवसात तिथे पोचलेल्याला धाप लवकर लागते.

आणि या पायऱ्या रेल्वे पुलाच्या पायऱ्यांसारख्या एकसारख्या नसतात. मिडल बाजारातून मॉलवर जाणारा एखादा जिना पाहा. खालच्या सात-आठ पायऱ्या रुंद, सावकाश. मग एका दुकानाच्या उंबऱ्यापाशी जिना काटकोनात वळतो आणि पायरीची उंची एकदम वीस-बावीस सेंटिमीटर होते. मधोमध दगड झिजून बशीसारखा खोलगट झालेला, त्यात पाणी साचलेले. एका बाजूला लोखंडी कठडा असतो, पण तोही मध्येच संपतो. वरून पाठीवर गॅस सिलिंडर किंवा तीन बॅगा बांधलेला हमाल उतरत असतो, त्याला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. चढताना दम लागतो, पण गुडघ्याला खरा त्रास उतरताना होतो, तोही अशा असमान पायऱ्यांवर जास्त. म्हणून ‘चढायचे नाही, फक्त उतरायचे आहे’ या हॉटेलवाल्याच्या उत्तरावर समाधान मानू नये.

कार्ट रोडवरून मॉलवर जायला राज्य पर्यटन महामंडळाची लिफ्ट आहे. तिचे तिकीट असते, ती दोन टप्प्यांत जाते आणि दोन टप्प्यांच्या मध्ये थोडे चालावे लागते. मे महिन्यात संध्याकाळी तिथे लांब रांग लागते आणि रात्री लिफ्ट बंद होते. त्या दिवसांत ती किती वाजता बंद होते हे हॉटेलला विचारून ठेवावे. नाहीतर जेवण करून रमतगमत निघालेल्या ज्येष्ठांना अंधारात जिन्यावरून उतरावे लागते.

घरबसल्या उंची तपासता येते. गुगल अर्थ उघडून हॉटेलच्या जागेवर कर्सर नेला की खाली समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. तीच कृती मॉलवरच्या जवळच्या ठिकाणी आणि कार्ट रोडवर गाडी थांबेल तिथे करावी, आणि फरक काढून ३ ने भागावा. आलेला आकडा म्हणजे मजले. नकाशात पाच-सात मीटरची चूक असू शकते, पण चार मजले की चौदा हे नक्की कळते. त्यानंतर हॉटेलला फोन करून ‘लांब आहे का?’ असे मोघम विचारू नये, त्याला ‘नाही जी, बिल्कुल पास में’ हेच उत्तर येते. नेमके विचारावे: गाडी जिथे थांबेल तिथून रिसेप्शनपर्यंत किती पायऱ्या, आणि त्या चढायच्या की उतरायच्या? सामान कोण नेणार आणि हमालाचा दर नगामागे किती? बॅगा वाहणारे बरेचसे काश्मिरी, त्यांना तिथे सरसकट ‘खान’ म्हणतात. माणसे कष्टाळू आहेत, ठरलेले पैसे त्यांना द्यावेतच. पण बसस्टँडवर आपणहून पुढे येऊन ‘तुमचे हॉटेल बंद झाले, मी दुसरे दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये. तिथे कमिशनचा व्यवहार असतो. आधी आरक्षण केलेल्या हॉटेलला तिथूनच फोन लावावा.

रिसेप्शनपर्यंत पोचले म्हणजे संपले असेही नाही. उतारावरच्या इमारतीत रस्ता आणि रिसेप्शन बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या मजल्यावर असतात आणि खोल्या खाली दरीकडे उतरत जातात. त्यामुळे ‘दुसरा मजला’ म्हणजे रस्त्यापासून दोन मजले खाली असू शकतो, आणि छोट्या हॉटेलांत लिफ्ट नसते. ‘रिसेप्शनपासून खोली वर की खाली, किती मजले?’ हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. खालच्या मजल्यांवरच्या मागच्या खोल्यांची आणखी एक गोम आहे. त्यांची एक भिंत थेट डोंगराला किंवा डोंगर अडवून धरणाऱ्या दगडी भिंतीला लागून असते. या भिंतीला तिथे ‘डंगा’ म्हणतात. खिडकी उघडली तर हातभर अंतरावर शेवाळलेला डंगा, त्यातून पाझरणारे पाणी, गादीला ओलसर वास आणि मोबाइलला रेंज नाही. संकेतस्थळावर ‘स्टँडर्ड रूम’ म्हणून सगळ्यात स्वस्त दिसते ती पुष्कळदा हीच खोली. बाहेरची हवा असलेली खिडकी आहे का, आणि ती कोणत्या दिशेला उघडते, हे लिहून मागावे.

दिशेचा मुद्दा तर थंडीत सगळ्यात मोठा. डिसेंबरअखेर भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो, सिमल्यात जेमतेम ३५-३६ अंश. डोंगरधारेच्या उत्तर उतारावर, म्हणजे लक्कड बाजार, कैथू, लाँगवुड या बाजूला, हा खाली झुकलेला सूर्य धारेमागेच राहतो. लक्कड बाजाराखालच्या जुन्या स्केटिंग रिंकचा बर्फ यंत्राने नव्हे, तर निव्वळ रात्रीच्या थंडीने गोठतो आणि टिकतो, यातच सगळे आले. दक्षिण उतारावरच्या खोलीत जानेवारीतही सकाळी ऊन येते आणि दिवसभर भिंती थोड्या तरी तापतात. पण हिमशिखरे दिसतात ती उत्तरेला! त्यामुळे ‘स्नो व्ह्यू’चे जादा पैसे भरून उत्तरेची खोली घेणारे कुटुंब डिसेंबरात गारठते, आणि मेमध्ये तीच खोली सुखाची वाटते. नाताळात जाणाऱ्यांनी दक्षिणेकडची खोली घ्यावी आणि शिखरे रिजवर जाऊन पाहावीत, हे आमचे स्पष्ट मत. बर्फ पडल्यावर सावलीतल्या उत्तर उताराच्या वाटांवर सकाळी काचेसारखा थर गोठलेला असतो, आणि घसरून हात मोडण्याचे प्रसंग तिथेच येतात.

थंडीत हीटरचे पैसे वेगळे लागतात का, वीज गेली तर जनरेटरवर हीटर चालतो की फक्त दिवे, हे विचारावे. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा अंगीठी ठेवून कोणीही झोपू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. स्नानगृहाच्या आत बसवलेला गॅस गीझर आणि बंद झरोका हाही तितकाच घातक जोड. असा गीझर दिसला तर खोली बदलून मागावी, संकोच करू नये.

गरम पाण्याबद्दल ‘२४ तास’ हे शब्द छापलेले असतात, तेव्हा गीझर किती लिटरचा ते पाहावे. १५ लिटरच्या गीझरमधले ६० अंशांचे पाणी नळाच्या ९-१० अंशांच्या पाण्यात मिसळले की अंघोळीजोगे पाणी साधारण २६ लिटर मिळते, म्हणजे दीड बादली. पुन्हा तेवढे तापायला दोन किलोवॅटच्या गीझरला जवळजवळ अर्धा तास लागतो. एका खोलीत चौघे असतील आणि सकाळी आठला गाडी निघणार असेल तर पहिली अंघोळ साडेपाच-सहालाच व्हायला हवी. यात हॉटेलवाल्याचा दोष नाही, पण आधी कळले तर वाद होत नाहीत.

मुळात पाणी हीच सिमल्याची जुनी दुखरी नस आहे. रिजच्या पटांगणाखाली ब्रिटिशकाळातली पाण्याची मोठी टाकी आहे, पण शहराला पाणी मिळते ते गुम्मा, गिरी अशा खालच्या खोऱ्यांतून पंपाने वर चढवून. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे १ लाख ७० हजार होती, त्यावर हंगामातले पर्यटक वेगळे. मे-जून २०१८ मध्ये पुरवठा गरजेच्या निम्म्याच्या आसपास आला, नळाला कित्येक दिवस पाणी नव्हते, शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि ‘सध्या येऊ नका’ असे रहिवासीच पर्यटकांना सांगू लागले. म्हणून मे-जूनचे आरक्षण करताना हॉटेलची साठवण किती हजार लिटरची आणि टँकरची सोय आहे का, हे विचारणे गैर नाही. वीस खोल्यांच्या भरलेल्या हॉटेलला दिवसाला पाच-सहा हजार लिटर सहज लागतात. शॉवर सोडून बादलीने अंघोळ करण्याची आपली सवय तिथे अवश्य पाळावी. आपल्या खोलीत वाया गेलेले पाणी तिथल्या एखाद्या घराच्या वाट्याचे असते.

आता कोणत्या भागात राहावे? नुसते फिरायला आलेल्या आणि पाय धड असलेल्या जोडप्याने मॉलजवळच राहावे, रात्री गर्दी ओसरल्यावर आणि पहाटे रिकाम्या मॉलवर फिरण्याचे सुख बाहेर राहून मिळत नाही. ज्येष्ठांसाठी आम्ही चौडा मैदान किंवा छोटा सिमला सुचवू. तिथवर गाडी जाते, आणि दोन्हीकडून मॉलवर येणारी वाट धारेच्या कडेने, बरीचशी सपाट आहे. वेळ जास्त लागतो, पण जिने टळतात. काही ठरावीक मार्गांवर हिमाचल परिवहनच्या छोट्या टॅक्सी चालतात, त्यांची चौकशी करावी. हृदयविकाराचा रुग्ण सोबत असेल तर लक्कड बाजार-संजौली बाजूचे इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय मुक्कामापासून किती वेळावर आहे, हेही पाहून ठेवावे. मोठ्या सहलींना न्यू सिमला, कसुम्पटी, संजौली किंवा थेट शोघी, कुफरी, मशोबरा इथे उतरवतात. तिथे बस दारापर्यंत जाते, पार्किंग मिळते आणि दर कमी असतात. त्यात काही वाईट नाही. पण शोघी सिमल्याच्या तेरा किलोमीटर अलीकडे आहे. तिथे मुक्काम असेल तर कार्यक्रमपत्रिकेत ‘सिमला मुक्काम’ न लिहिता शोघीच लिहावे, एवढीच अपेक्षा. मेमधल्या संध्याकाळी शोघीहून मॉलवर जाऊन परत येणे म्हणजे अर्धी रात्र गाडीत.

पुढचा प्रवास कुठे आहे यावरही बाजू ठरवावी, ही गोष्ट फार थोडे लोक सांगतात. मनालीची वाट पश्चिमेने, तुतू, दाडलाघाट, बिलासपूर, मंडी अशी जाते. नारकंडा, सराहन, किन्नौरची वाट पूर्वेला ढल्लीवरून. मनालीला जाणाऱ्याने संजौलीत राहिले तर सकाळी आधी अख्खे शहर ओलांडावे लागते. हंगामात त्यात एक-दीड तास जातो, आणि समोर मनालीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर असतात.

वारही पाहावा. चंडीगड, दिल्ली, लुधियानाहून माणसे शुक्रवारी रात्री निघतात आणि रविवारी दुपारनंतर उतरतात. महाराष्ट्रातून दीड-दोन हजार किलोमीटरवरून जाणाऱ्याला शनिवार-रविवारची काहीच सक्ती नसते. रविवारी संध्याकाळी पोचून गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी निघाले तर चढताना बहुतेक गर्दी समोरून उतरत असते, खोल्यांचे दरही पुष्कळदा खाली येतात. तरीही आपल्या सहलींची पत्रके शनिवारनेच सुरू होतात.

दरात काय धरले आहे तेही पाहावे. ‘ईपी’ म्हणजे नुसती खोली, ‘सीपी’ म्हणजे नाश्त्यासह, ‘एमएपी’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, ते बहुधा रात्रीचे. एमएपी घेतले की रात्रीचे जेवण हॉटेलातच आणि ठरल्या वेळेत, साधारण साडेआठ ते दहा. कुफरीहून परतताना गाडी अडकली की जेवण हुकते, पैसे परत मिळत नाहीत. मॉलजवळ मुक्काम असेल तर सीपी पुरे. शहराबाहेर असेल तर मात्र एमएपीच घ्यावे, कारण रात्री जवळपास दुसरे काही उघडे नसते. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीला १८ टक्के. सांगितलेला दर कर धरून की सोडून, हे विचारले की शेवटच्या दिवशीचा धक्का टळतो. सोबत चालक असेल तर त्याच्या झोपण्याची आणि गाडी उभी करण्याची सोय हॉटेलात आहे का, हेही त्याच फोनवर विचारावे. रात्रभर गाडीत कुडकुडलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी घाट सोपवणे धोक्याचे आहे. बाल्कनीची खोली घेतली तर तिथे कपडे, चष्मा, खाऊ ठेवू नये. जाखू टेकडीच्या बाजूला माकडे दार ढकलून आत येतात, खिडकीची कडी नीट लागते का ते पोचल्याबरोबर पाहावे.

पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, ‘व्हॅली व्ह्यू’ला जादा पैसे देऊ नयेत, समोर दिवसभर धुके असते. त्याहून गंभीर म्हणजे उताराची स्थिती. १४ ऑगस्ट २०२३ रोजी सिमल्यातल्याच समरहिल भागात दरड कोसळून शिवमंदिरातली वीस माणसे गेली. रिजचा उत्तर उतार आणि लक्कड बाजारचा काही भाग खचत असल्याचे वर्षानुवर्षे बोलले जाते आहे. त्या दिवसांत स्वस्त मिळते म्हणून दरीच्या कडेच्या उंच इमारतीतल्या तळमजल्याखालच्या खोल्या घेऊ नयेत. डंग्याला ताजी भेग, फुगवटा, किंवा पाणी जायची भोके बुजलेली दिसली, वरच्या उतारावर नुकतीच खणलेली माती दिसली, तर आगाऊ रक्कम सोडून द्यावी आणि हलावे.

यातले बरेचसे सहल कंपन्यांना ठाऊक असते. त्यांच्या व्यवस्थापकांना हॉटेलच्या पायऱ्या तोंडपाठ असतात, पण विचारल्याशिवाय सांगायची पद्धत नाही. म्हणून विनंती अशी की आपल्या पर्यटन पानावर डोंगरी शहरांच्या सहलींची जाहिरात घेताना चार गोष्टी छापण्याचा आग्रह धरावा: मुक्कामाच्या वस्तीचे खरे नाव, गाडी थांबते तिथून खोलीपर्यंतच्या पायऱ्यांची संख्या, हॉटेलात लिफ्ट आहे की नाही, आणि खोल्यांची दिशा. दोन ओळींचा मजकूर आहे. दार्जिलिंग, मसुरी, नैनिताल इथल्या मुक्कामांनाही तो लागू पडेल. एप्रिलची पुरवणी निघण्याआधी हे सुरू झाले तर याच हंगामातल्या वाचकांना उपयोग होईल.

आपला,
एक सहल संयोजक, पुणे